विश्लेषण : क्रांतीची गाणी गाणारे पाब्लो मिलानेस क्युबाच्या सरकारपासून दूर का गेले?

क्युबाचे ख्यातनाम गायक, गीतकार आणि संगीतकार पाब्लो मिलानेस यांचे २२ नोव्हेंबर २०२२ रोजी स्पेनची राजधानी माद्रिद येथे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. रक्ताच्या दुर्धर विकारावर तेथे त्यांच्यावर उपचार सुरू होते. निधनाचे वृत्त येताच क्युबाचे पंतप्रधान मान्युएल मारेरो यांनी ट्विटरवरून शोक व्यक्त केला. त्याच वेळी क्युबाच्या सरकारचे कडवे विरोधक आणि देश सोडून गेलेले हजारो क्युबन नागरिकही त्यांचीच गाणी समाजमाध्यमांवर टाकत होते. एरवी कोणत्याच मुद्द्यावर एकत्र न येणारे हे दोन गट एका गायकासाठी हळहळले, ते कशामुळे? ज्या क्रांतीची गाणी मिलानेस यांनी गायली, त्याच क्रांतीच्या सरकारने त्यांना छावणीत का पाठवले होते? आणि अखेरची वर्षे त्यांनी सरकारवर इतकी कठोर टीका का केली?

पाब्लो मिलानेस कोण होते?

मिलानेस यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९४३ रोजी पूर्व क्युबातील बायामो या शहरात एका कष्टकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते धाकटे. मुलाचा गळा गोड आहे हे आईने लवकर ओळखले आणि लहानपणापासून त्याला गाण्याच्या स्पर्धांत उतरवले. १९५०च्या सुमारास कुटुंब राजधानी हवानाला आले. तेथे त्यांनी काही काळ संगीताचे रीतसर शिक्षण घेतले. पण गल्लीतल्या वादकांकडून आपण अधिक शिकलो, असे ते सांगत.

फिडेल कॅस्ट्रो यांच्या नेतृत्वाखालील बंडखोरांनी जानेवारी १९५९ मध्ये बातिस्ता यांची हुकूमशाही उलथवली, तेव्हा मिलानेस १५ वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे सगळे तारुण्य आणि सगळी कारकीर्द क्रांतीनंतरच्या क्युबात घडली. सुरुवातीला ते ‘कुआर्तेतो देल रेय’, ‘लोस बुकानेरोस’ अशा गायक-समूहांतून गात होते. त्या काळात हवानाच्या तरुण कलाकारांवर ‘फिलिन’ या शैलीचा प्रभाव होता. इंग्रजीतील ‘फीलिंग’ या शब्दाचा हा क्युबन उच्चार. जॅझमधील स्वररचना आणि क्युबाची पारंपरिक प्रेमगीते यांचा मिलाफ त्यात होता. १९६५ मध्ये मिलानेस यांनी रचलेले ‘मिस २२ आन्योस’ म्हणजे ‘माझी २२ वर्षे’ हे गाणे या शैलीतून बाहेर पडून काही नवे शोधणारे होते. पुढे जन्मलेल्या संगीत चळवळीची ती नांदी मानली जाते.

त्यांना छावणीत का पाठवण्यात आले?

क्रांतीनंतर कलावंतांना किती मोकळीक असेल, या प्रश्नाचे उत्तर कॅस्ट्रो यांनी जून १९६१ मध्ये विचारवंतांपुढील भाषणात दिले होते. क्रांतीच्या चौकटीत राहून काहीही करा, क्रांतीविरोधात मात्र काहीही चालणार नाही, हा त्याचा आशय. अडचण अशी की ही चौकट कोठे संपते, हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे होता आणि ती रेघ सतत सरकत राहिली.

नोव्हेंबर १९६५ पासून सरकारने कामाग्वे प्रांतात ‘उमाप’ या नावाने छावण्या उभारल्या. ‘उत्पादनास साह्य करणारी लष्करी पथके’ असा त्या नावाचा अर्थ. कागदोपत्री ही सक्तीची लष्करी सेवा होती. प्रत्यक्षात ‘समाजवादी समाजात न बसणाऱ्या’ तरुणांना तेथे काटेरी कुंपणामागे ठेवून ऊसतोडणीसारखी कामे करून घेतली जात. समलिंगी व्यक्ती, ‘जेहोवाज विटनेसेस’ पंथाचे अनुयायी, कॅथलिक धर्मगुरू, लांब केस ठेवणारे, परदेशी संगीत ऐकणारे अशा अनेकांची तेथे रवानगी झाली. ही संख्या ३० हजारांच्या पुढे असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१९६६ मध्ये २३ वर्षांच्या मिलानेस यांनाही तेथे पाठवण्यात आले. छावणीतील अन्यायाला वाचा फोडण्यासाठी ते तेथून निसटून हवानाला आले. परिणाम उलटा झाला. त्यांना ला काबान्या या जुन्या किल्ल्यातील तुरुंगात डांबण्यात आले. देशातून आणि परदेशातून टीका वाढल्यावर १९६८ मध्ये या छावण्या बंद झाल्या. मिलानेस या अनुभवाबद्दल अनेक वर्षे फारसे बोलले नाहीत. २०१५ मध्ये स्पेनच्या ‘एल पाइस’ या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत मात्र त्यांनी या छावण्यांची तुलना स्टालिनच्या काळातील छळछावण्यांशी केली आणि सरकारने आपली माफी मागावी, याची आपण अजून वाट पाहत असल्याचे सांगितले.

समलिंगी व्यक्तींवर झालेल्या अन्यायाची जबाबदारी कॅस्ट्रो यांनी २०१० मध्ये मेक्सिकोच्या ‘ला होर्नादा’ या दैनिकाच्या मुलाखतीत स्वीकारली. सप्टेंबर २०२२ मध्ये सार्वमत घेऊन क्युबाने समलिंगी विवाहाला मान्यताही दिली. पण मिलानेस यांना हवी असलेली जाहीर माफी त्यांच्या हयातीत आली नाही.

‘नुएवा त्रोवा’ चळवळ काय होती?

‘त्रोवा’ ही पूर्व क्युबातील जुनी परंपरा. गिटार घेऊन गावोगावी स्वतः रचलेली गाणी म्हणणाऱ्या गायकांना ‘त्रोवादोर’ म्हणत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही तरुणांनी ही परंपरा नव्याने मांडली. गिटार तेच, गाणारा आणि लिहिणाराही तोच. पण विषयांत प्रेमाबरोबर युद्ध, वसाहतवाद, वंशभेद आणि नव्या समाजातील माणसाची घालमेल आली. म्हणून ही ‘नुएवा’ म्हणजे नवी त्रोवा.

फेब्रुवारी १९६८ मध्ये हवानातील ‘कासा दे लास अमेरिकास’ या संस्थेत मिलानेस, सिल्व्हियो रॉड्रिगेझ आणि नोएल निकोला या तिघांनी एकत्र मैफल केली. तेथून या चळवळीची सुरुवात मानली जाते. तेव्हा हे तरुण सरकारचे लाडके नव्हते. रॉड्रिगेझ यांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम त्याच वर्षी बंद झाला होता. त्यांना आसरा दिला तो दोन संस्थांनी. एक, ‘कासा’, तिच्या प्रमुख आयदे सांतामारिया या १९५३ च्या मोंकादा बराकीवरील हल्ल्यात सहभागी असलेल्या क्रांतिकारक होत्या, त्यामुळे त्यांच्या निष्ठेवर शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. दुसरी, ‘इकाइक’ ही सरकारी चित्रपट संस्था. तिने १९६९ मध्ये ध्वनिप्रयोग गट स्थापन केला. संगीतकार आणि गिटारवादक लिओ ब्राउवर त्याचे प्रमुख होते. चित्रपटांसाठी संगीत करता करता या तरुणांना तेथे स्वररचना, वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मिळाले. क्युबन ताल, ब्राझीलचे संगीत, रॉक आणि जॅझ असे सगळे तेथे एकत्र आले.

१९७२ मध्ये चळवळीला अधिकृत मान्यता मिळाली. कालपर्यंत संशयित असलेले गायक आता क्रांतीचा सांस्कृतिक चेहरा म्हणून जगभर जाऊ लागले.

छावणीतून आल्यावरही मिलानेस क्रांतीसोबत कसे राहिले?

मिलानेस यांच्या आयुष्यातील हा सर्वांत अवघड प्रश्न. याचे सोपे उत्तर ‘नाइलाज होता’ असे देता येईल. देशात ध्वनिमुद्रिका काढणारी ‘एग्रेम’ ही एकच सरकारी कंपनी होती, रेडिओ आणि दूरचित्रवाणी सरकारचीच. राज्यव्यवस्थेबाहेर राहून गायक म्हणून जगणे शक्यच नव्हते. पण एवढ्यावर थांबले तर त्यांच्या गाण्यांवर अन्याय होईल. साक्षरता मोहीम, मोफत शिक्षण आणि आरोग्यसेवा, वंशभेदाविरोधातील भूमिका यांवर त्यांच्या पिढीचा खरोखर विश्वास होता. एका कष्टकरी घरातील कृष्णवर्णीय वारशाच्या मुलाला या बदलांचे मोल कळत होते. सरकारच्या चुका म्हणजे क्रांती नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

म्हणूनच १९७३ मध्ये चिलीमध्ये लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार पाडले, तेव्हा मिलानेस यांनी सान्तियागोच्या रस्त्यांवर एक दिवस पुन्हा चालण्याचे स्वप्न सांगणारे गाणे लिहिले. चिलीतील लष्करी राजवटीत ही गाणी कॅसेटवरून गुपचूप एकमेकांकडे पोहोचत. १९७४ मध्ये क्युबाचे राष्ट्रीय नायक आणि कवी होसे मार्ती यांच्या आणि पुढच्याच वर्षी निकोलास गियेन यांच्या कवितांना चाली लावून त्यांनी संग्रह काढले. एप्रिल १९८४ मध्ये, अर्जेंटिनातील लष्करी राजवट संपल्यानंतर काही महिन्यांतच, मिलानेस आणि रॉड्रिगेझ यांनी ब्युनोस आयर्समध्ये मैफली केल्या. तेथील ध्वनिमुद्रण आजही लॅटिन अमेरिकेतील घराघरांत ऐकले जाते.

मात्र त्यांची सर्वाधिक गाजलेली रचना राजकीय नाही. १९७० मध्ये मुलीच्या जन्मानंतर त्यांनी पत्नीसाठी लिहिलेले ‘योलांडा’ हे प्रेमगीत स्पॅनिश भाषक जगात पिढ्यान्‌पिढ्या गायले जात आहे. ब्राझीलचे चिको बुआर्के यांनी ते पोर्तुगीजमध्ये नेले. राजकारणात त्यांच्याशी असहमत असणाऱ्यांच्याही ओठांवर हे गाणे होते. पुढे त्यांच्या शब्दाला जे वजन आले, त्यात या लोकप्रियतेचा मोठा वाटा आहे. त्याच काळात ‘आन्योस’ या मालिकेतून त्यांनी विस्मरणात गेलेल्या वृद्ध त्रोवा कलाकारांना सोबत घेऊन जुनी गाणी ध्वनिमुद्रित केली. ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ने १९९७ मध्ये क्युबाचे जुने संगीत जगभर पोहोचवले, त्याच्या दीड दशक आधीचे हे काम आहे. २००६ मध्ये त्यांना दोन लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. २०१५ मध्ये त्याच संस्थेने एकूण कारकिर्दीसाठी त्यांचा गौरव केला.

सरकारशी खटके कधी उडू लागले?

पहिला मोठा तडा १९९०च्या दशकात गेला. सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाची अर्थव्यवस्था तीन वर्षांत जवळपास एकतृतीयांशाने आकसली. विजेपासून कागदापर्यंत सगळ्याची टंचाई झाली. सांस्कृतिक संस्थांकडे पैसा उरला नाही. अशा वेळी १९९३ मध्ये मिलानेस यांनी परदेशातील मैफलींतून मिळालेल्या स्वतःच्या पैशांतून ‘पाब्लो मिलानेस फाउंडेशन’ सुरू केले. तरुण कलाकारांना मदत करणे हा हेतू. क्युबात अशी सरकारबाहेरची सांस्कृतिक संस्था ही नवलाची गोष्ट होती. संस्कृती मंत्रालयाशी मतभेद होऊन दोनच वर्षांत ती बंद पडली. वाद गाण्यांवरून झाला नव्हता. पैसा आणि निर्णय सरकारच्या हातात नसलेली संस्था चालू द्यायची का, हा मुद्दा होता.

एप्रिल २००३ मध्ये हवानातील प्रवासी बोट पळवून अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या तिघांना सरकारने झटपट खटला चालवून गोळ्या घातल्या. जगभरातून टीका झाली, तेव्हा सरकारच्या समर्थनार्थ क्युबातील नामवंत कलावंतांचे पत्रक निघाले. रॉड्रिगेझ यांची त्यावर सही होती. मिलानेस यांनी सही करण्यास नकार दिला.

२०१० मध्ये राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी गियेर्मो फारिन्यास यांनी उपोषण केले. तेव्हा मिलानेस यांनी ‘एल मुंडो’ या स्पॅनिश दैनिकाला मुलाखत देऊन सरकारला खडे बोल सुनावले. अखेर कॅथलिक चर्चच्या मध्यस्थीने सरकारने ५२ कैद्यांच्या सुटकेची तयारी दाखवली आणि उपोषण संपले. ही मध्यस्थी करणारे कार्डिनल हाइमे ओर्तेगा हेही तरुणपणी ‘उमाप’ छावणीत राहून आले होते.

मग मायामीतही त्यांना विरोध का झाला?

अमेरिकेतील मायामी हे क्युबातून बाहेर पडलेल्यांचे सर्वांत मोठे शहर. ऑगस्ट २०११ मध्ये मिलानेस यांनी तेथे मैफल केली. सभागृहात लोक त्यांच्यासोबत गात होते आणि बाहेर निदर्शने सुरू होती. निदर्शकांच्या लेखी ते अजूनही ‘कॅस्ट्रोंचे गायक’ होते. इकडे क्युबातील सरकारनिष्ठांना त्यांचे मायामीला जाणेच रुचले नाही. त्या सुमारास त्यांनी कैद्यांच्या नातलग असलेल्या, पांढरी वस्त्रे घालून मोर्चे काढणाऱ्या महिलांवरील हल्ल्यांचा निषेध केला. सिल्व्हियो रॉड्रिगेझ यांच्याशी आलेला दुरावाही याच काळात चव्हाट्यावर आला.

दोन्हीकडून टीका होत असताना मिलानेस यांनी भूमिका बदलली नाही. समाजवादाच्या मूळ ध्येयांवर आपली श्रद्धा आहे, अमेरिकेने १९६२ पासून घातलेले व्यापारनिर्बंध चुकीचे आहेत. मात्र त्यांचे कारण पुढे करून सरकारला स्वतःच्या चुका झाकता येणार नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता.

जुलै २०२१ मध्ये काय बदलले?

११ जुलै २०२१ रोजी क्युबात अनेक दशकांतील सर्वांत मोठी निदर्शने झाली. औषधे, अन्न आणि वीज यांच्या टंचाईने त्रासलेले लोक रस्त्यावर आले. सुरुवात हवानाजवळच्या सान अंतोनियो दे लोस बान्योस या गावातून झाली. योगायोग असा की हे सिल्व्हियो रॉड्रिगेझ यांचे जन्मगाव. तेथील दृश्ये फेसबुकवर थेट दिसू लागली आणि काही तासांत देशभर लोक बाहेर पडले. क्युबात मोबाइलवर इंटरनेट मिळू लागले ते डिसेंबर २०१८ पासून. अडीच वर्षांपूर्वी हे घडणे तांत्रिकदृष्ट्याच कठीण होते.

सरकारने निदर्शने मोडून काढली. जानेवारी २०२२ मध्ये खुद्द सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ७९० जणांवर आरोप ठेवल्याचे सांगितले. मिलानेस उपचारांसाठी २०१७ पासून माद्रिदमध्ये राहत होते. तेथून त्यांनी जाहीर निवेदन काढले. ज्या जनतेने ही राजवट टिकवण्यासाठी दशकानुदशके त्याग केला, तिलाच दोषी धरून दडपणे बेजबाबदार आणि निरर्थक आहे, असे त्यांनी म्हटले. यात त्यांनी वापरलेला ‘राजवट’ हा शब्द लक्षणीय होता. रॉड्रिगेझ यांनीही हिंसा न केलेल्या कैद्यांना सोडावे, अशी मागणी केली. ‘नुएवा त्रोवा’चे दोन्ही मोठे आवाज एवढ्यापुरते तरी पुन्हा एका बाजूला आले.

हवानातील अखेरची मैफल का गाजली?

२१ जून २०२२ रोजी मिलानेस यांची हवानात मैफल ठरली. सुरुवातीला ती राष्ट्रीय नाट्यगृहातील सुमारे दोन हजार आसनांच्या सभागृहात होणार होती. मात्र बहुतेक तिकिटे सरकारी संस्थांना वाटली गेल्याचे आणि सामान्यांसाठी मोजकीच उरल्याचे समजताच समाजमाध्यमांवर संताप उसळला. अखेर मैफल ‘सिउदाद देपोर्तिवा’ या मोठ्या बंदिस्त क्रीडागारात हलवावी लागली. सुमारे दहा हजार लोक आले. प्रकृतीमुळे मिलानेस खुर्चीवर बसून गायले, अनेक ठिकाणी त्यांच्याऐवजी श्रोतेच गात होते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांची गायिका मुलगी सुयलेन हिचे निधन झाले होते. मायदेशातील ही त्यांची शेवटची मैफल ठरली. पाच महिन्यांनी माद्रिदमधील ‘कासा दे अमेरिका’ येथे त्यांचे अंत्यदर्शन झाले.

मिलानेस बोलू शकले. मग इतर कलाकार तुरुंगात का?

या मैफलीनंतर तीनच दिवसांनी, २४ जूनला, रॅप गायक मायकेल कास्तियो ऊर्फ ‘ओसोर्बो’ याला नऊ वर्षांच्या आणि कलावंत लुइस मान्युएल ओतेरो अल्कांतारा याला पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा जाहीर झाली. ‘पात्रिया इ विदा’ या सरकारविरोधी गाण्यात ओसोर्बोचा सहभाग होता. क्रांतीच्या ‘मातृभूमी किंवा मृत्यू’ या घोषणेला ‘मातृभूमी आणि जीवन’ असे उत्तर देणाऱ्या या गाण्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ओसोर्बो कोठडीत होता.

दोघांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीतील फरकाची कारणे उघड आहेत. मिलानेस यांना जगभर मान होता, ते स्पेनमध्ये राहत होते आणि त्यांना ‘अमेरिकेचे हस्तक’ ठरवणे सरकारला शक्य नव्हते. कारण क्रांतीची गाणी लिहिणारे तेच होते. हवानाच्या गरीब वस्तीतील रॅपरकडे यापैकी एकही कवच नव्हते. शिवाय २०१८ च्या ३४९ क्रमांकाच्या फर्मानाने सरकारी संस्थांच्या परवानगीविना सार्वजनिक कला सादर करणे बेकायदा ठरवले आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. १९६६ मधील मिलानेसही असेच तरुण, कृष्णवर्णीय वारशाचे, फारसे नाव नसलेले गायक होते आणि त्यांनाही तेव्हा कोणतेच कवच नव्हते.

मिलानेस यांच्या निधनाने काय संपले?

सप्टेंबर २०२२ अखेर संपलेल्या अमेरिकी आर्थिक वर्षात २ लाख २० हजारांहून अधिक क्युबन नागरिक अमेरिकेच्या सीमांवर पोहोचले. तेव्हा सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्या असलेल्या देशासाठी ही अभूतपूर्व गळती होती. यात तरुण कलाकारही मोठ्या संख्येने होते. मिलानेस यांची पिढी क्रांतीशी भांडली, तीही घरातल्या माणसाच्या हक्काने. आजच्या पिढीला भांडण्यापेक्षा निघून जाणे सोपे वाटू लागले आहे, आणि जे थांबून भांडतात त्यांच्यासाठी शिक्षा ठरलेली आहे.

क्युबाचे सरकार मिलानेस यांना आता ‘आपला’ गायक म्हणून मिरवेल, त्यांची १९७०च्या दशकातील गाणी वाजवेल. निर्वासित त्यांचे २०२१ चे निवेदन पुढे करतील. दोघांनाही त्यांचा अर्धाच भाग सोयीचा आहे. क्रांतीवर प्रेम असणे आणि तिच्या नावाने झालेल्या अन्यायावर बोलणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात, हे मिलानेस यांनी पाच दशके दाखवले. त्यासाठी मायदेशात शिक्षा होणार नाही, अशी व्यवस्था मात्र त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. ‘उमाप’साठी माफी मागण्याचा प्रश्नही तसाच उरला आहे.